जोसाची जागावाटप सेवा: बेळगाव सीमाभागातून आयआयटी-एनआयटीला जाणाऱ्यांसाठी परीक्षण

आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या इतर तांत्रिक संस्था, या सगळ्यांच्या बी.टेक.च्या जागा एकाच पोर्टलवरून वाटणारी यंत्रणा म्हणजे जोसा. २०१५ पासून ती चालू आहे. २३ आयआयटी आणि ३१ एनआयटी एकाच यादीत, एकाच लॉगिनवर. निकाल आधीच सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातल्या मुलांना तीन सरकारी दारांत उभं राहावं लागतं: कर्नाटकाचे प्रवेश बघणारी बंगळूरची केईए, महाराष्ट्राचे प्रवेश बघणारी मुंबईची सीईटी सेल आणि ही जोसा. तिघांत जोसाचं काम सगळ्यात स्वच्छ आणि उघड आहे. मागच्या वर्षी कोणत्या फेरीत, कोणत्या प्रवर्गात, कोणत्या रँकवर कोणती जागा बंद झाली, ते सगळं साइटवर फुकट बघायला मिळतं. यादी भरताना दोन वेळा तात्पुरतं वाटप करून दाखवतात. वशिला, मध्यस्थ, डोनेशन यांना कुठे फटच नाही.

पण सीमाभागातल्या मुलाची इथली जागा रँकवर जाते त्यापेक्षा जास्त वेळा कागदावर जाते. कुठल्या राज्यातून बारावी, कुठल्या तारखेचा दाखला, कुठल्या नमुन्यात, नावाचं स्पेलिंग काय. जोसा याबाबतीत कोणालाच सवलत देत नाही, आणि देऊही नये. म्हणून हे परीक्षण पोर्टलच्या रंगरूपाचं नाही, या कागदांचं आहे.

बारावी कुठून, ते आधी ठरवा

आयआयटीत राज्याचा कोटा नाही. सगळा देश एका रांगेत. एनआयटीत मात्र निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना. आता ‘त्या राज्याचा’ कोण? इथे भलेभले पालक चुकतात. जन्म कुठे झाला, रेशनकार्ड कुठलं, आधारवर पत्ता कोणता, मातृभाषा कोणती, यातलं काहीही जोसा विचारात घेत नाही. बारावी पहिल्यांदा ज्या राज्यातल्या शाळा-कॉलेजातून पास झालात, ते तुमचं राज्य. बोर्डही बघत नाहीत. बेळगावातल्या केंद्रीय विद्यालयातून सीबीएसईची बारावी केली तरी राज्य कर्नाटकच.

समजा, बेळगावच्या शहापुरातल्या एकाच गल्लीतली तीन मुलं आहेत. पहिल्याने गावातल्याच आरएलएस किंवा जीएसएस कॉलेजात पीयूसी, म्हणजे कर्नाटक बोर्डाची अकरावी-बारावी, केली. त्याला सुरतकलच्या एनआयटीत घरचा कोटा. दुसरा दहावीनंतर कोल्हापूरला गेला आणि महाराष्ट्र बोर्डाची बारावी दिली. त्याला सुरतकल परराज्य झालं, पण नागपूरची एनआयटी, म्हणजे व्हीएनआयटी, घरची झाली. तिसऱ्याने राजस्थानातल्या कोटा शहरात नावापुरत्या शाळेत प्रवेश घेऊन क्लास केला. त्याचं घर आता राजस्थान, म्हणजे जयपूरचं एमएनआयटी. तिघांची रँक सारखी आली तरी तिघांच्या हातात तीन वेगळ्या याद्या येतात. पुन्हा परीक्षा देऊन मार्क वाढवले तरी राज्य बदलत नाही, पहिल्यांदा जिथून पास झालात तेच राहतं.

कोल्हापूर, सांगली, लातूरला अकरावीसाठी जाणं चूक आहे असं मुळीच नाही. सुरतकल आणि नागपूर दोन्ही जुन्या, दमदार संस्था आहेत. पण हा निर्णय दहावीच्या सुट्टीत डोळे उघडे ठेवून घ्यायचा असतो. जोसाच्या साइटवर मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचे आकडे काढा. सुरतकल आणि नागपूर, दोन्हीकडे ‘होम स्टेट’च्या ओळी आपल्याला हव्या त्या ब्रांचसाठी शेजारी-शेजारी लिहा. मग ठरवा. क्लासवाल्याचा फ्लेक्स बघून ठरवू नका. धारवाडची आयआयटी आणि धारवाडचीच ट्रिपल आयटी, या दोन्हींना घरचा कोटा नाही. बेळगावहून सगळ्यात जवळच्या या दोन संस्था, पण जवळ असल्याचा फायदा एका रँकचाही नाही.

जेईई मेनचा फॉर्म भरताना हा राज्याचा कोड भरावा लागतो. तिथे पत्त्याचं राज्य टाकून मोकळं होणारी मुलं दरवर्षी असतात. दुरुस्तीची मुदत मोजक्याच दिवसांची असते आणि सगळे रकाने त्यात उघडत नाहीत. फॉर्म पाठवण्याआधी ही एक ओळ दोन माणसांनी वाचावी.

त्याच फॉर्ममधली दुसरी ओळ परीक्षेच्या माध्यमाची. जेईई मेनचा पेपर मराठीतही असतो, पण फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. कर्नाटकातल्या केंद्रांवर इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि कन्नड. म्हणजे मराठी पेपर हवा तर बेळगाव केंद्र सोडून कोल्हापूर घ्यावं लागणार. जेईई अॅडव्हान्स्ड तर फक्त इंग्रजी आणि हिंदीतच होते. पीयूसी सायन्स इंग्रजीतून केलेल्यांनी मराठी पेपरचा आग्रह धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. संज्ञा दोन वर्षं इंग्रजीत वाचलेल्या असतात, ऐन वेळी मराठी प्रतिशब्द डोक्यात बसवण्यात मिनिटं जातात.

तीन दारं, घराचे तीन अर्थ

केईए घर वेगळ्या रीतीने मोजते. पहिली ते बारावी या काळातली किमान सात शैक्षणिक वर्षं कर्नाटकात, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून पास. म्हणून दहावीपर्यंत बेळगावात शिकून बारावी कोल्हापुरातून केलेला मुलगा एनआयटी सुरतकलसाठी परका होतो, पण केईएसाठी घरचाच राहतो. त्याने केसीईटी, म्हणजे केईएची प्रवेश परीक्षा, जरूर द्यावी. अभियांत्रिकीची रँक निम्मी सीईटीच्या आणि निम्मी बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या मार्कांवर बनते, त्यामुळे बोर्डाकडे दुर्लक्ष परवडत नाही. खेड्यातल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. पहिली ते दहावी कर्नाटकातल्या ग्रामीण भागात शिकलेल्यांना १५ टक्के ग्रामीण आरक्षण आहे, आणि त्यात शाळा मराठी माध्यमाची असली तरी चालते. कन्नड माध्यमाचं वेगळं आरक्षण आहे, ते मराठी शाळेतल्या मुलांना नाही. या दोन्हींची गल्लत करून ग्रामीणचा हक्कही सोडून देणारे लोक खानापूर तालुक्यात भेटतात. अभ्यास प्रमाणपत्रावर बीईओची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याची, प्रतिस्वाक्षरी लागते. एप्रिलमध्ये ऑफिसात गर्दी नसताना ती घेऊन ठेवा.

सीईटी सेलचं दार अनेकांना माहीतच नसतं. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात उमेदवारांचे ए, बी, सी, डी, ई असे प्रकार आहेत. त्यातला ई हा खास सीमाभागासाठी. वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेली आणि मातृभाषा मराठी असलेली मुलं या प्रकारात महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून अर्ज करू शकतात. महाराष्ट्राने दावा सांगितलेली ८६५ गावं या भागात येतात. सीओईपी, व्हीजेटीआय, आयसीटी अशा संस्थांकडे डोळे लावून बसलेल्यांनी हा प्रकार सोडू नये. दोन दाखले लागतात: संस्था किंवा गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्ही माहितीपुस्तिकेत छापलेल्या नमुन्यातच हवेत. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांनी आपल्या शब्दांत लिहून दिलेलं पत्र कितीही आपुलकीचं असलं तरी छाननीत टिकत नाही. एमएचटी-सीईटीत, म्हणजे सीईटी सेलच्या प्रवेश परीक्षेत, निगेटिव्ह मार्किंग नाही आणि २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे आहेत. जेईईची तयारी केलेल्या मुलाला हा पेपर अवघड नसतो, पण वेगाचा सराव वेगळा करावा लागतो.

तिन्ही दारांच्या फेऱ्या जून ते ऑगस्टमध्ये एकमेकींवर चढतात. जोसा मूळ कागद मागत नाही, स्कॅन करून अपलोड करायला सांगते. राज्यांच्या प्रक्रियेत कॉलेजला मूळ कागद द्यायची वेळ लवकर येते. जोसाची शेवटची फेरी होईपर्यंत दहावीची मूळ गुणपत्रिका हातातून सोडू नका.

बंगळूरची आयआयएससी आणि विज्ञानाच्या आयसर संस्था जोसात नाहीत. त्यांचे अर्ज वेगळे, तारखा वेगळ्या.

दाखले: सगळ्यात जास्त जागा इथे जातात

ओबीसी-एनसीएल (क्रीमी लेयरमध्ये न येणारे ओबीसी) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) यांचा दाखला त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेला लागतो. मागच्या वर्षीचा दाखला कितीही ठसठशीत असला तरी चालत नाही. नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कार्यालयातून, दाखला घेताना ‘केंद्राच्या नमुन्यात’ असं स्पष्ट सांगून मागा. राज्याच्या प्रवेशासाठीचा जात-उत्पन्न दाखला, ज्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) केईएला देतात, तो जोसाला उपयोगाचा नाही. दाखला इंग्रजीत मागा. कन्नडमधला आला तर प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं, आणि ऐन फेरीत ते करून घेणं जिकिरीचं होतं.

मोठा घोळ यादीचा आहे. राज्याची मागासवर्गीयांची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. कर्नाटकात मराठा समाज ३बी प्रवर्गात आहे, पण राज्याच्या एखाद्या प्रवर्गात नाव असलं म्हणून केंद्राच्या ओबीसी यादीत ते आपोआप येत नाही. केंद्राच्या यादीत कर्नाटकासमोर आपल्या जातीची नोंद कोणत्या शब्दांत आहे ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या साइटवर स्वतः वाचा. शेजारच्या कोल्हापुरातल्या पाहुण्यांना जो दाखला मिळतो तो आपल्याला मिळेलच असं नाही, कारण यादी राज्यवार आहे. केंद्राच्या यादीत नाव नसेल तर ईडब्ल्यूएस बसतं का ते तहसीलदार ऑफिसात जेईईचा फॉर्म भरण्याआधी विचारून घ्या.

उत्पन्नाची मर्यादा दोन्हीकडे वर्षाला आठ लाख, पण मोजायची पद्धत वेगळी. ईडब्ल्यूएसमध्ये पगार, शेती, धंदा, सगळं धरतात. शिवाय कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, ईडब्ल्यूएस मिळत नाही. वेगवेगळ्या गावांतली जमीन एकत्र धरली जाते, म्हणून सगळे उतारे काढून बेरीज करा. हजार चौरस फुटांचा फ्लॅट असला तरीही नाही. ओबीसीच्या क्रीमी लेयरसाठी उत्पन्न मोजताना मात्र आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत. नोकरीतल्या क्रीमी लेयरचे निकष पदावर ठरतात, ते वेगळं प्रकरण. हे माहीत नसल्यामुळे पगारदार घरातली पात्र मुलं ‘आमचं उत्पन्न जास्त आहे’ म्हणून दाखलाच काढत नाहीत.

दाखला अमान्य झाला तर मिळालेली जागा जाते आणि पुढच्या फेऱ्यांत खुल्या प्रवर्गातल्या रँकवर उभं राहावं लागतं. पहिल्या फेरीत भरलेल्या जागा तोवर गेलेल्या असतात.

नावाचं दुखणं सीमाभागाचं खास आहे. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, गुणपत्रिकेवर आडनाव आणि आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव, दाखल्यावर कन्नडातून रोमन लिपीत आलेलं स्पेलिंग. जाधवचं ‘जाधवा’ होतं, गुरवचं ‘गुरवा’. दहावीची गुणपत्रिका हा पाया धरा. आधार, पीयूसी आणि दाखले तिच्याशी जुळवून घ्या. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, हे काम अकरावीतच उरका.

यादी भरणं

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: यादी एकदाच भरायची असते. पहिल्या फेरीआधी ती लॉक होते आणि पुढच्या पाच-सहा फेऱ्या त्याच यादीवर चालतात. मध्येच पर्याय घालता येत नाही. स्वतः लॉक केली नाही तर शेवटची सेव्ह केलेली यादी आपोआप लॉक होते. पर्यायांच्या संख्येला मर्यादा नाही.

क्रम फक्त आवडीने लावा. वाटपाची पद्धत अशी आहे की वर ठेवलेली अशक्य जागा खालच्या शक्य जागेला धक्का लावत नाही. तुमची रँक पहिल्या पर्यायाला पुरत नसेल तर संगणक दुसरा बघतो, मग तिसरा. तिथे पोहोचायला उशीर झाला म्हणून जागा दुसऱ्याला गेली असं होत नाही, कारण ठरवते रँक, क्रम नाही. ‘मिळणारी जागा वर ठेव, नाहीतर हातची जाईल’ हा सल्ला पूर्ण चुकीचा आहे. याच सल्ल्यामुळे सुरतकलचं मेकॅनिकल वर ठेवून आपल्याला मिळू शकणारं इलेक्ट्रॉनिक्स गमावलं जातं. एखादी जागा मिळाली तर जाणारच नाही अशी असेल तर ती यादीत घालूच नका. तीच मिळाली आणि नाकारली तर तुम्ही सगळ्या फेऱ्यांतून बाहेर.

मागच्या वर्षीचे आकडे वाचताना तीन गोष्टी सांभाळा. एक, शेवटच्या फेरीचे आकडे बघा, पहिल्या फेरीचे नाही. दोन, ओबीसी, ईडब्ल्यूएस, एससी, एसटीच्या रकान्यात जी रँक छापलेली असते ती प्रवर्गातली रँक असते, सामायिक यादीतली नाही. तीन, आयआयटीला अॅडव्हान्स्डची रँक आणि बाकी सगळ्यांना मेनची. मुलींसाठी २०१८ पासून अधिकच्या जागांची वेगळी ओळ आहे. मुलींचा विचार त्या ओळीत आणि सर्वांसाठीच्या ओळीत, दोन्हीकडे होतो.

मधल्या रँकच्या मुलाने शंभरच्या आसपास पर्याय भरावेत असं मला वाटतं. आपल्या रँकच्या निम्म्यावर बंद होणाऱ्या जागांपासून दीडपटीवर बंद होणाऱ्या जागांपर्यंत. वर थोडी स्वप्नं, मध्ये भरपूर, खाली तीन-चार भरवशाच्या. आधी कागदावर लिहा, मग पोर्टलवर. बऱ्याच आयआयटींनी पहिल्या वर्षानंतर ब्रांच बदलायची सोय बंद केली आहे. ‘आत्ता सिव्हिल घेऊ, नंतर कॉम्प्युटरला जाऊ’ असं मनात धरून यादी लावत असाल तर त्या संस्थेचा नियम आधी वाचा.

यादी भरून देण्याचे पैसे घेणाऱ्यांची गरज नाही. त्यांच्याकडचे आकडे जोसाच्याच साइटवरचे असतात, आणि दोन तात्पुरती वाटपं जे दाखवतात त्यापेक्षा जास्त त्यांनाही दिसत नाही.

फ्रीझ, फ्लोट, स्लाइड

जागा मिळाली की ठरलेल्या मुदतीत तीन कामं: पर्याय निवडणं, पैसे भरणं, कागद अपलोड करणं. तिन्ही झाली तरच ती जागा तुमची.

समजा ९० पर्यायांच्या यादीतला १२वा मिळाला. फ्रीझ म्हणजे हाच पक्का. फ्लोट म्हणजे पुढच्या फेऱ्यांत १ ते ११ पैकी कोणताही मिळाला तर चालेल. स्लाइड म्हणजे १ ते ११ मधले फक्त त्याच संस्थेतले पर्याय विचारात घ्या. फ्लोटवर असताना ७वा मिळाला तर १२वा त्याच क्षणी सुटतो, परत मागता येत नाही. त्यामुळे सातवा बाराव्यापेक्षा खरंच जास्त हवा आहे का, याचं उत्तर यादी भरतानाच पक्कं असायला हवं. यादी मनापासून लावली असेल तर फ्लोटमध्ये धोका नाही. संस्था पक्की आणि ब्रांच वर सरकवायची असेल तर स्लाइड. घाईने फ्रीझ करण्याची चूक जास्त होते, विशेषतः ‘मिळालं एकदाचं’ या सुटकेच्या भरात.

कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्याला शंका आली तर तो पोर्टलवर प्रश्न टाकतो. त्याला मुदतीत उत्तर दिलं नाही तर जागा रद्द होते. त्या दिवसांत पोर्टल रोज सकाळ-संध्याकाळ उघडा. एसएमएसवर विसंबू नका. गावाकडे यात्रा असेल, लग्न असेल, लॉगिन घरातल्या एकाकडे तरी असायलाच हवं.

पैशाचं काम आधी करून ठेवा. जागा स्वीकारण्याची रक्कम खुल्या प्रवर्गाला तीस-चाळीस हजारांच्या घरात असते, नेमका आकडा त्या वर्षीच्या नियमावलीत बघा. ती पुढे फीमध्ये वळती होते. बेळगावात अनेक घरांचे पैसे सोसायटीत ठेवींच्या रूपात असतात. ठेव मोडून रक्कम बँकेत यायला सुट्ट्या धरून चार-पाच दिवस जातात, आणि भरायची मुदत तेवढीच असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात रक्कम नेटबँकिंग असलेल्या खात्यात आणून ठेवा. नव्या फोनवर यूपीआय चालू केलं तर पहिल्या २४ तासांत पाच हजारांच्या वर रक्कम जात नाही, हेही लक्षात असू द्या. एनआयटीवाल्यांना शेवटच्या फेरीनंतर प्रवेश फीचा आणखी एक हप्ता ऑनलाइन भरावा लागतो. तो चुकला तर सगळं केलेलं पाण्यात.

मन बदललं तर दुसऱ्या फेरीपासून शेवटच्या फेरीच्या आधीपर्यंत माघार घेता येते, थोडी रक्कम कापून बाकी परत मिळते. आयआयटीची जागा घेऊन शेवटपर्यंत धरून ठेवली आणि मग गेलाच नाहीत, तर पुढच्या वर्षी अॅडव्हान्स्ड देता येत नाही.

जोसा संपल्यावर एनआयटी आणि ट्रिपल आयटीच्या उरलेल्या जागांसाठी सीसॅबच्या, म्हणजे केंद्रीय जागावाटप मंडळाच्या, विशेष फेऱ्या होतात. तिथे यादी नव्याने भरायची असते.

पोचल्यावर

टीसी, मायग्रेशन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जोसाचं वाटपपत्र, प्रवर्ग आणि उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, फोटो, आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. मायग्रेशनला सगळ्यात जास्त वेळ लागतो, निकाल लागताच अर्ज करा. वैद्यकीय प्रमाणपत्र बहुतेक संस्थांना त्यांच्याच छापील नमुन्यात हवं असतं. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनी ऑनलाइन भरायचं असतं. त्याची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, ती आई-वडिलांच्याही फोनमध्ये असू द्या.

प्रवासाचं नियोजन सोपं आहे. धारवाड हायवेने दीड-दोन तास. सुरतकलला मंगळूरच्या रात्रीच्या बसने. नागपूरला कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस. दिल्लीकडे जाणाऱ्यांना गोवा एक्सप्रेस बेळगावातूनच मिळते. धारवाडला लागलेल्या मुलांच्या पालकांना एक विनंती आहे: पहिल्या सेमिस्टरला दर शनिवारी घरी बोलावू नका. मुलं एकमेकांत मिसळतात, गट जमतात, अभ्यासाचे सोबती मिळतात ते शनिवार-रविवारच्या रात्रींनाच.

पहिल्या सेमिस्टरला मुलं घसरतात ती दोन विषयांत. एक प्रोग्रामिंग. पीयूसीत बायॉलॉजी घेतलेल्यांनी कोडची एक ओळ लिहिलेली नसते आणि शेजारी कॉम्प्युटर सायन्स घेतलेला बसलेला असतो. फेऱ्या चालू असतानाचे जून-जुलै हातात आहेत, तेवढ्यात सी किंवा पायथनमध्ये लूप, फंक्शन आणि अॅरेपर्यंत पोचा. दुसरा इंजिनिअरिंग ड्रॉइंग, तिथे डोळ्यांना सवय लागायला वेळ जातो, म्हणून पहिल्या शीटपासून स्वतः काढा. आयआयटीत ग्रेड बहुतेक ठिकाणी वर्गाच्या तुलनेत लागतात. सत्तर मार्क चांगले की वाईट, ते वर्गाची सरासरी सांगते. पहिली क्विझ तीन-चार आठवड्यांतच येते, स्थिरस्थावर होण्याची वाट ती बघत नाही.

भाषेची भीती बाळगायचं कारण नाही. मराठी, कन्नड, हिंदी आणि जेमतेम का होईना इंग्रजी, एवढं घेऊन वसतिगृहात येणारी मुलं कमीच असतात, आणि बेळगावची मुलं त्यात असतात.

फी ऐकून मागे फिरू नका. आयआयटीची शिकवणी फी वर्षाला दोन लाख, एनआयटीची सव्वा लाख. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफ. सार्वजनिक-खासगी भागीदारीतल्या ट्रिपल आयटींना, म्हणजे धारवाडलाही, ही सवलत गृहीत धरू नका, त्यांची फी आणि सवलती स्वतंत्र असतात. मेस आणि वसतिगृहाचा खर्च सगळीकडेच वेगळा. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलत. सोसायटीतून चढ्या व्याजाने कर्ज काढण्याआधी राष्ट्रीयीकृत बँकेत हा अर्ज करून बघा. फीमाफीसाठी तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या वेळीच लागतो. तो जातीच्या दाखल्याबरोबर एप्रिलमध्येच काढून घ्या, म्हणजे जुलैमध्ये मुलगा वसतिगृहात आणि बाप नाडकचेरीच्या रांगेत, असं होणार नाही.